राहणार : गावाबाहेर

खुर्ची एकच होती.

आमच्या चावडीत खुर्ची एकच असायची आणि ती पाटलाची असायची. त्या खुर्चीवरून पाटील उठलेला मी जन्मात दोनदाच पाहिला. एकदा त्याला विंचू चावला तेव्हा, आणि एकदा गोरा डॉक्टर चावडीत आला तेव्हा. विंचवाच्या वेळी तो सावकाश उठला होता.

गोरा डॉक्टर बसला. पुढे कपबशी आली. बशीवर नक्षी होती. चावडीत बशी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी खाली उभा होतो. तीन पायऱ्या उतरून, उन्हात, बूट काढून हातात घेतलेले. आम्ही दोघं एकाच जीपमधून आलो होतो. पिंपरीला माळावर नवा कारखाना उठत होता, त्याच्या एकाच दवाखान्यात आम्ही दोघं डॉक्टर. दोघांना एकच कागद हवा होता. रहिवासाचा दाखला.

तो परदेशातून आलेला. त्याला हिंदुस्थानात कायमचं राहायचं होतं. मी इथलाच. मला विलायतेला जाऊन कायमचं राहायचं होतं. दोघांनाही सरकार म्हणत होतं, आधी गावचा दाखला आणा.

तलाठ्याचा टाक गोऱ्या डॉक्टरसाठी असा पळाला की शाई मागं राहिली. त्यानं मोठ्यांदा वाचलं, "सदर डॉक्टरसाहेब हे या गावचे कायम रहिवासी असून त्यांची वागणूक उत्तम आहे." या कायम रहिवाशानं आमच्या शिवेवरचा बंगला भाड्यानं घेऊन चार महिने झाले होते. गावाचं नाव घेताना त्याची जीभ दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा त्यानं कुरुळीचं नाव घेतलं. पाटील म्हणाला, "चालंल चालंल, शेजारीच हाय."

मग माझा अर्ज. तलाठ्यानं पाटलाकडं पाहिलं. पाटलानं माझ्याकडं.

"वेसकराचं पोरगं न्हवं तू?"

"होय."

"व्हय पाटील म्हनायचं."

मी म्हणालो. खोटं कशाला सांगू? म्हणालो.

तलाठ्यानं लिहिलं. वाचलं. "अर्जदार. राहणार, गावाबाहेर."

"गावचा रहिवासी, असं लिहायचं असतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

पाटील हसला. तो वाईट हसला असता तर बरं झालं असतं. तो गमतीनं हसला. "मंग? तुजी आय कुठं ऱ्हाती? गावात का गावाभाईर? सरकारी कागदावर खोटं लिवायचं व्हय तलाठ्यानं?"

पाच वर्षं मी माणसाच्या शरीरातल्या दोनशे सहा हाडांची नावं घोकली होती. एकाही हाडानं मदत केली नाही.

तलाठ्यानं दाखला हातात दिला नाही. पायरीवरून सोडला. कागद हलका. पडताना झोके घेत पडला, पाळण्यातल्यासारखा. मी वाकलो आणि उचलला. डॉक्टर व्हायला मला मुंबईच्या कॉलेजात जावं लागलं. वाकायला कुठं जावं लागलं नाही. ते शिक्षण घरचं होतं.

जीपमध्ये गोऱ्या डॉक्टरनं विचारलं, "तुमचा कागद झाला?"

"झाला," मी म्हणालो.

*

आता तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस, दोन शब्दांनी काय होतं? ऐका तर.

माझा बाप त्या गावाचा वेसकर. वेशीवर घुंगराची काठी घेऊन उभं राहायचं. कुणी साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं. गावात ढोर मेलं की ओढायचं. कुणी माणूस मेलं की दहा गावांना सांगावा न्यायचा. बाप इतका चालला, इतका चालला, की त्याच्या वाटा एकीपुढं एक जोडल्या असत्या तर तो माझ्याआधी लंडनला पोचला असता. पोचला कुठं? वेशीपर्यंत. तिथंच एका दुपारी बसला आणि उठला नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्याचा सांगावा न्यायला मात्र गावानं कुणाला पाठवलं नाही.

पुढं आमच्या वस्तीनं धर्म बदलला. ढोर ओढणं बंद, काठी बंद, वाकून जोहार घालणं बंद. बाकीच्यांनी काठ्या चुलीत घातल्या. आईनं बापाच्या काठीचे घुंगरू काढून पुडीत बांधले आणि काठीचा कोंबड्यांच्या खुराड्याला आडणा केला. म्हणाली, "लाकूड चांगलं हाय. त्याचा काय गुन्हा?"

माझा एक मित्र विलायतेतल्या इस्पितळात लागला होता. त्यानं माझ्यासाठी खटपट केली. इस्पितळाचं पत्र आलं, तीन महिन्यांत हजर व्हा. मित्रानं सोबत लिहिलं होतं, "इथं एक वर्ष राहिलास की नाव नोंदवता येतं. मग कायमचा इथला. खोली देताना हे लोकही दारावर पाट्या लावतात, काळ्यांना जागा नाही म्हणून. फसवत नाही तुला. पण एक वर्ष, बाबा. एकच."

एक वर्ष! मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घड्यांवर कागद फाटला. एक वर्ष राहिलं की कायमचा. आणि इथं? आमची वस्ती गावाला चिकटून कधीपासून आहे ते सांगायला गावातलं सगळ्यात म्हातारं झाडही लहान पडेल. चाकणच्या बाजारातला कांदा मुंबईला गेला तरी चाकणचा. पोत्यावर लिहिलेलं असतं. मी पिंपरीला गेलो तर कुठलाच नाही. पिंपळे गुरवला मी खोली घेतली होती ती आडनाव अर्धं सांगून. मालकानं उरलेलं अर्धं विचारू नये म्हणून रोज लवकर निघायचो. घरी यायचो चोरासारखा. डॉक्टर असून.

आईला पत्र वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "तिथं वेस हाय का?"

"नाही."

"मंग जा. आन माघारी येऊ नगं."

म्हणून तो दाखला तसाच घेतला आणि पासपोर्टच्या अर्जाला लावला. म्हटलं, गावाबाहेर तर गावाबाहेर. मला तरी कुठं आत जायचंय?

*

माझा अर्ज पुण्याच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाला मराठी दाखल्याचं इंग्रजी करायचं होतं. रकाना होता बोटभर. "राहणार गावाबाहेर" त्यात मावेना. त्यानं 'गाव' गाळलं आणि 'बाहेर' ठेवलं. कागद मुंबईला गेला. मुंबईच्या साहेबानं वाचलं, अर्जदार बाहेर राहणारा. कशाच्या बाहेर? देशाच्या. आणखी कशाच्या असणार? साहेबानं 'परदेशी' असा शेरा मारला आणि कागद उलटा फिरला.

इस्पितळात हजर व्हायला पाच आठवडे उरले होते. दवाखान्यात मी एका मजुराच्या बोटातली कपची काढत होतो. दारात पोलीस हवालदार उभा.

"परदेशी डॉक्टर कोण?"

गोरा डॉक्टर हात पुसत पुढं आला.

"तुमी न्हाई साहेब, तुमचं झालं," म्हणत हवालदारानं कागद डोळ्यांजवळ नेला आणि माझं नाव वाचलं. पूर्ण नाव. आडनावासकट. मजुरानं बोट मागं घेतलं.

"मी," मी म्हणालो.

हवालदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी चाकणच्या मातीच्या रंगाचा. तोही त्याच रंगाचा. "कुठल्या देशातनं आलाय?"

"वेशीच्या बाहेरून."

"ते कुठं आलं?"

"इथून सात मैल."

बिचारा घामाघूम झाला. परदेशी माणसानं नोंदणी केली नाही म्हणून माझी चौकशी निघाली होती! फॉर्म भरा, नाहीतर खटला. तुम्हाला हसू येतंय. मलाही आलं. मी इतका हसलो की हवालदार घाबरून बाकावर बसला. मग हसता हसता कधी रडायला लागलो ते मला कळलं नाही. कपची तशीच राहिली होती. ती गोऱ्या डॉक्टरनं काढली.

मी पुण्याला गेलो. तोच कारकून. माणूस वाईट नव्हता, पान खाणारा होता. म्हणाला, "हे बघा राव, चूक माझी असंल, पण शेरा साहेबाचाय. साहेबाचा शेरा मला खोडता येत नाही. दोन वाटा. एक, गावाकडनं नवा दाखला आणा, 'गावचा कायम रहिवासी' असा. दोन, हा परदेशी लोकांचा फॉर्म भरा. मग तुम्ही परदेशी. इथं राहायचा परवाना मागा. मिळाला आणि वर्षं भरली, की या देशाचे होण्याचा अर्ज करा. झालात, की मग पासपोर्ट मागा."

"किती वर्षं?"

त्यानं बोटांवर मोजलं. मोजता मोजता हात बदलला.

"आणि मूळ देशाच्या रकान्यात काय लिहू?"

"तेच मी पण बघतोय," तो म्हणाला.

*

पाटलाकडं गेलो. दुसरी वाट कुठं होती? पायरीखाली उभा राहिलो. या वेळी पाटील गमतीत नव्हता. वस्तीतली माणसं आता गावकीची कामं करत नव्हती. त्याचा बैल मरून दोन दिवस माळावर पडला होता. वास चावडीपर्यंत येत होता.

"देतो तुला दाखला," पाटील म्हणाला. "गावचा म्हनून देतो, कायमचा म्हनून देतो. पाहिजे तर पाटलाच्या भावकीतला म्हनून देतो! पर एक दिस. चाकनच्या बाजाराच्या दिशी सकाळी बापाची काठी घिऊन वेशीत हुबा ऱ्हायचं. मी भाईर पडंन तवा काठी तीनदा आपटायची आन जोहार घालायचा. समद्यांनी ऐकला पायजे. डाक्टरनं घातल्यावर बाकीचं तोंड वर करून बोलत्याल व्हय?"

मी नाही म्हणालो असं तुम्हाला वाटत असेल.

मी हो म्हणालो.

सहा दिवस. पिंपळे गुरवच्या खोलीत आरशासमोर मी जोहार घोकला. हाडांची नावं घोकली होती तसाच. जो-हार माय-बाप. हनुवटी किती खाली, डोळे कुठं. स्वतःला सांगायचो, एक शब्द आहे. हवा आहे नुसती. घशातून निघते आणि विरते. ती विरली की बोट, मग विलायत, मग एक वर्ष, मग कायम. एका शब्दाच्या बदल्यात अख्खा देश मिळतोय. एवढा स्वस्त देश आजवर कुणाला मिळालाय? रोज हे सांगायचो आणि रोज जेवण उलटून पडायचं. डॉक्टर असून औषध सापडेना.

बाजाराच्या दिवशी पहाटेच वस्तीत गेलो. आई पाण्याला गेलेली. खुराड्याचा आडणा काढला, तीच काठी. पुडीतले घुंगरू परत बांधले. कोंबड्या फडफडत बाहेर पडल्या आणि माझ्यापुढं पळत सुटल्या. सरळ वेशीतून गावात. कुणी त्यांना दाखला विचारला नाही.

मी वेशीत उभा राहिलो. शर्ट-पँट, पायात बूट नाहीत, हातात काठी. बाजाराला निघालेली माणसं थांबू लागली. बैलगाड्या थांबल्या. वस्तीतली माणसंही आली, पाटलानंच बोलावणं धाडलं होतं. एकानं माझ्याकडं पाठ केली. त्याच्या मुलाचा घटसर्प मी बरा केला होता.

चावडीच्या पायरीवर तलाठी. हातात नवा दाखला. त्यानं मला लांबूनच दाखवला, वर धरून. "गावचे कायम रहिवासी." अक्षर सुंदर होतं.

पाटील निघाला. फेटा नवा. मी काठी आपटली. एकदा. घुंगरू वाजले. बापाच्या पायांचा आवाज होता तो. दुसऱ्यांदा आपटली. तिसऱ्यांदा. पाटील चार पावलांवर. मी तोंड उघडलं. 'जो' जिभेवर आला.

तेवढ्यात गर्दीतून आई आली. लुगड्याचे ओचे वर खोचलेले, एका बगलेत कोंबडी, धाप लागलेली. कोंबड्यांच्या मागं ती अख्खं गाव धुंडून आली होती. माझ्यासमोर थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. काठीकडं पाहिलं. घुंगरांकडं पाहिलं. पाटलाकडं पाहिलंच नाही.

"काठी दे," ती म्हणाली. "खुराडं उघडं हाय."

बस्स. एवढंच. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. खुराडं उघडं हाय.

मी काठी दिली. 'जो' गिळला. अजूनही कधी कधी घशात लागतो.

"आन जोहार?" पाटील म्हणाला.

"पाटील, तुमच्या तलाठ्याचा कागद सरकारी कचेरीत आहे. राहणार गावाबाहेर. सरकारी कागदावर खोटं लिहीत नाहीत, तुम्हीच म्हणाला होता. मुंबईच्या साहेबानं त्यावर शेरा मारलाय, मी परदेशी. मग तुमच्या वेशीत परदेशी माणसाचं काय काम? तुमचा सांगावा परदेशी माणूस कसा नेईल? आणि तुमचा बैल ओढायला आम्ही परवाना काढून यायचं का?"

गाडीवाला कुणीतरी फिसकन हसला. पाटलानं त्याच्याकडं पाहिलं. हसू थांबलं, पण हसून झालं होतं.

"त्यो दाखला फाडंन मी," पाटील म्हणाला.

"कुठला? हा तुमच्याकडंच आहे. फाडा." मी तलाठ्याकडं बोट केलं. "तो जुना मात्र मिळायचा नाही."

सुंदर अक्षराचा कागद पाटलानं फाडला. चार तुकडे केले. मी पाहत होतो. माझी बोट, माझं इस्पितळ, माझं एक वर्ष. चार तुकडे.

*

दुसऱ्या दिवशी वस्तीतली सगळी कर्ती माणसं चावडीपुढं रांगेनं उभी राहिली. आम्हाला पण दाखला द्या. राहणार गावाबाहेर. तलाठ्यानं हौसेनं सात लिहिले. आठव्याला त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि टाक खाली ठेवला. सात घरं त्या दिवशी रीतसर परदेशी झाली. सात घरांवर गावाचा हुकूम उरला नाही. बाकीच्यांनी न लिहिताच तसं धरलं. पाटलाचा बैल शेवटी पाटलाच्या भावकीनं ओढला. नाकाला उपरणी बांधून. लोक सांगतात, वास पुण्यापर्यंत गेला. मी म्हणतो, दिल्लीपर्यंत गेला असणार.

हसा. पण गिरणी बंद झाली आम्हाला. दुकान बंद. वस्तीची वाट काट्यांनी अडवली. आई जात्यावर दळत बसली ते दळतच राहिली. कारखान्यात कुणीतरी निनावी चिठ्ठी टाकली, तुमचा डॉक्टर परदेशी हस्तक आहे म्हणून. पिंपळे गुरवच्या मालकाला माझं आडनाव पूर्ण कळलं, आणि माझी ट्रंक दारात आली. इस्पितळाची तारीख एका मंगळवारी गेली. त्या दिवशी मी खोकल्याचे बावन्न रुग्ण तपासले. कुणाच्या छातीत काय वाजत होतं, मला ऐकू आलं नाही.

गोरा डॉक्टर संध्याकाळी माझ्याजवळ बसला. त्याची गोष्ट त्यानं तेव्हा प्रथम सांगितली. तो ज्यू म्हणून त्याच्या देशानं त्याच्या पासपोर्टावर एक लाल अक्षर मारलं होतं. त्या अक्षरापायी त्याचं घर गेलं, घरातली माणसं गेली. मग देशोदेशीचे फॉर्म भरत तो इथं आला होता.

"त्या दिवशी मी खुर्चीवरून उठायला हवं होतं," तो म्हणाला.

"हवं होतं," मी म्हणालो.

जाताना एवढंच म्हणाला, "फॉर्ममध्ये रिकामी जागा ठेवू नका. तुम्ही नाही भरली, तर ते भरतात."

हवालदार परत आला. आता फॉर्म भरलाच पाहिजे म्हणाला. मी त्याला वस्तीतच बोलावलं. आई खुराड्याजवळ बसली होती, काठी आडवी लावलेली. घुंगरू तिनं पुन्हा काढले होते. ट्रंकेवर कागद ठेवून मी लिहायला बसलो. मोठ्यांदा वाचत, एकेक रकाना. वस्ती ऐकत होती.

धंदा? डॉक्टर.

कोणत्या देशातून आला? गावाबाहेरून.

आल्याची तारीख? वेस बांधली त्याच्या आधी.

हवालदार म्हणाला, "डाक्टरसाहेब, माझी नोकरी घालवताय."

मुक्कामाचं ठिकाण? हेच.

किती काळ राहण्याचा इरादा? कायम.

एक रकाना उरला. कोणाच्या परवानगीने? त्यापुढं लांबलचक रेघ. पाटलाचं नाव मावेल, तलाठ्याचं मावेल, मुंबईच्या साहेबाचं मावेल, एवढी लांब. रिकामी ठेवली असती तर त्यांतल्याच कुणीतरी भरली असती.

मी लिहिलं, कुणाच्याही नाही.

आणि खाली सही केली. आडनाव पूर्ण लिहिलं.